मूळ म्हणून विकलेल्या नकला : ऑनलाइन लिलावातील एका सीडी-संचाचे प्रकरण

विलेपार्ले येथे राहणाऱ्या एका गायनशिक्षिकेने ऑनलाइन लिलावात शास्त्रीय गायनाच्या आठ सीडींचा संच 11,600 रुपयांना घेतला. टपालखर्चाचे 350 रुपये वेगळे. विक्रेत्याने संचाचे वर्णन ‘मूळ प्रती, आता बाजारात मिळत नाहीत, खासगी संग्रहातून’ असे केले होते. प्रत्यक्षात आलेल्या आठांपैकी दोनच सीडी कंपनीने काढलेल्या होत्या, पाच संगणकावर कोऱ्या तबकडीवर उतरवलेल्या होत्या आणि एकीबद्दल आजही खात्रीने काही सांगता येत नाही. पैसे परत मिळाले. पण ज्या मुद्द्यावर मिळतील असे सुरुवातीला वाटले होते, त्या मुद्द्यावर मिळाले नाहीत. ग्राहकांना तक्रारी लिहून देण्याचे काम मी पार्ल्यात करतो आणि या तक्रारीचे सर्व कागद माझ्या हातून गेले आहेत. शिक्षिकेच्या संमतीने, तसेच विक्रेता, लिलावाचे संकेतस्थळ आणि सीडी काढणारी कंपनी यांची नावे गाळून, हे प्रकरण येथे मांडत आहे.

खरेदीमागचे कारण

शिक्षिका जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायकीची तालीम देतात. विद्यार्थ्यांना ऐकण्यासाठी त्यांनी घरीच एक लहानसा संग्रह केला आहे आणि या घराण्याच्या 1990 च्या दशकात निघालेल्या काही सीडी त्यांना त्यात हव्या होत्या. पूर्वी हे अवघड नव्हते. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये किंवा दादर-गिरगावातल्या एखाद्या कॅसेटच्या दुकानात सांगून ठेवले की सीडी मागवून मिळत असे, आणि ती खरी की खोटी हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या मनातही येत नसे, कारण दुकानदार समोर उभा असे आणि पुढच्या महिन्यातही तो तिथेच असणार हे ठाऊक असे. ऱ्हिदम हाऊस 2016 साली बंद झाले. छोटी दुकाने त्याच्या आगेमागे मोबाइलच्या वस्तू विकू लागली. छापून संपलेली सीडी शोधायची तर आता फोर्टचा पदपथ, चोरबाजार, नाहीतर ऑनलाइन लिलाव एवढेच मार्ग उरतात, आणि या तिन्ही ठिकाणी मालाची पारख गिऱ्हाइकालाच करावी लागते.

स्ट्रीमिंगवर पुष्कळ गाणे मिळते हे खरे. परंतु संचातील दोन सीडींवरचे ध्वनिमुद्रण तिथे नव्हते. शिवाय या सीडींसोबत कंपनीने चार पानांची पुस्तिका दिलेली होती आणि तीत बंदिशींचे शब्द, साथीदारांची नावे व रागाविषयी टिपण होते. अनवट रागातल्या बंदिशीचे शब्द नुसते ऐकून उतरवून घेताना किती घोटाळे होतात, हे शिकवणाऱ्यालाच कळते. शिक्षिकेने बोली वाढवत नेली ती मुख्यतः त्या पुस्तिकांसाठी. पुढे भरपाईचा विचार करताना ही बाब महत्त्वाची ठरली, म्हणून ती आधीच नोंदवतो.

बोली लावण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट फार चांगली केली. संकेतस्थळाच्याच संदेश-सुविधेतून त्यांनी विक्रेत्याला विचारले की या सीडी कंपनीच्या कारखान्यात तयार झालेल्या आहेत की घरी उतरवलेल्या आहेत. विक्रेत्याने उत्तर दिले की सर्व सीडी शंभर टक्के मूळ असून त्याच्या वडिलांच्या संग्रहातल्या आहेत. संपूर्ण प्रकरणात या प्रश्नोत्तराइतके वजन दुसऱ्या कोणत्याही कागदाला आले नाही. हाच प्रश्न फोनवर विचारला गेला असता तर त्याचा काडीचाही उपयोग झाला नसता.

भावाविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. स्वस्तात मिळते आहे म्हणजे माल खोटा असणार, हा आपल्याकडचा नेहमीचा आडाखा लिलावात चालत नाही. संचाची सुरुवातीची बोली 1,500 रुपये होती आणि शेवटच्या काही मिनिटांत दोन गिऱ्हाइकांच्या चढाओढीत ती 11,600 वर गेली. या दोघांनाही वस्तू हातात घेऊन पाहता आलेली नव्हती. दोघेही तेच वर्णन आणि तीच छायाचित्रे पाहून एकमेकांच्या बोलीवर विसंबत होते. समोरचा इतके द्यायला तयार आहे म्हणजे वस्तू खरीच असणार, असे प्रत्येकाला वाटते. अशा वेळी चढलेला भाव वस्तूच्या खरेपणाबद्दल काहीच सांगत नाही.

पार्सलमधून काय आले

पार्सल व्यवस्थित बांधलेले होते. शिक्षिकेने सर्वांत वरची सीडी लावून पाहिली. ती उत्तम वाजली, कारण ती खरी होती. त्याच दिवशी त्यांनी विक्रेत्याला पाच तारे दिले आणि ‘सुंदर संग्रह, धन्यवाद’ असा अभिप्रायही लिहिला. मग गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचे दिवस आले आणि उरलेल्या सीडी तशाच राहिल्या.

नक्कल प्रथम कानाने पकडली, आणि तीही एका विद्यार्थिनीने. तिसरी सीडी चालू असताना विलंबित ख्याल संपून द्रुत बंदिश सुरू होण्याच्या जागी तिने विचारले, “बाई, तानपुरा मध्येच बंद कसा पडला?” मैफलीत किंवा स्टुडिओत विलंबितातून द्रुतात जाताना तबला क्षणभर थांबतो, गायक ठेका सांगतो, पण तानपुरा थांबत नाही. कंपनीच्या सीडीत त्या जागी केवळ ट्रॅकचा क्रमांक बदलतो, सूर अखंड चालू असतो. इथे मात्र तानपुरा कात्रीने कापल्यासारखा तुटत होता, दोन सेकंद संपूर्ण शांतता पसरत होती आणि मग तो पुन्हा मध्येच उगवत होता. संगणकावर सीडी उतरवताना प्रत्येक ट्रॅक सुटा लिहिण्याची पद्धत निवडली, तर सॉफ्टवेअर दोन ट्रॅकांमध्ये नेमके एवढेच अंतर सोडते. चित्रपटगीतांच्या सीडीत हे लक्षातही येत नाही, कारण तिथे गाण्यांमध्ये अंतर असतेच. ख्यालाच्या सीडीत ते लपत नाही.

त्यानंतर आम्ही आठही सीडी खिडकीपाशी नेऊन उलट्या धरल्या. कारखान्यात सीडी साच्यातून दाबून काढतात आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचा पातळ थर देतात. त्यामुळे तिची खालची बाजू स्वच्छ रुपेरी दिसते. कोऱ्या सीडीमध्ये लेझरने खुणा उमटवण्यासाठी रंगद्रव्याचा थर असावा लागतो आणि त्या थराची हिरवट किंवा निळसर झाक उजेडात स्पष्ट दिसते. शिवाय जिथवर ध्वनी लिहिलेला असतो तिथवरचा भाग आणि त्यापुढचा कोरा भाग यांच्या छटा वेगळ्या असतात, आणि दोहोंमध्ये एक वर्तुळाकार सीमा उमटते. पाच सीडींवर ही सीमा होती. त्यांच्या वरच्या बाजूला छपाई नव्हती, छापील कागदी चकती चिकटवलेली होती. एका चकतीत कडेला हवेचा फुगा राहिला होता आणि तिचे मधले भोक सीडीच्या भोकापासून किंचित सरकलेले होते. हा फुगा पुढे फार कामी आला.

मुखपृष्ठांची गोष्ट याहून बोलकी आहे. लिलावाच्या छायाचित्रात एका डबीवर जुन्या दुकानाची किंमतचिठ्ठी दिसत होती, आणि ती पाहूनच संच जुना व खरा असल्याची शिक्षिकेची खात्री पटली होती. प्रत्यक्ष डबी उघडून मुखपृष्ठ बाहेर काढले आणि त्या चिठ्ठीवरून नख फिरवले, तेव्हा नखाला कुठेही कड लागली नाही. चिठ्ठी चिकटवलेली नव्हतीच; ती मुखपृष्ठासोबत छापली गेली होती. ज्या मूळ प्रतीवरून नक्कल केली तिच्यावर कोणा दुकानदाराने चिठ्ठी लावली होती आणि स्कॅन करताना ती काढण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. दहापट भिंगाखाली अक्षरेही हेच सांगत होती. कंपनीच्या छपाईत काळी अक्षरे सलग काळ्या शाईने उमटतात. या मुखपृष्ठांवरची काळी अक्षरे निळ्या, लाल आणि पिवळ्या ठिपक्यांची बनलेली होती, कारण यंत्राने ती अक्षरे म्हणून छापलीच नव्हती, संपूर्ण पानाचे चित्र म्हणून छापली होती. आणि चार पानांच्या पुस्तिकेच्या जागी एकच कागद होता, मागून कोरा. बंदिशींचे शब्द कुठेच नव्हते.

ध्वनीची तपासणी ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरवर केली. नकलांमध्ये 16 किलोहर्ट्‌झच्या वर काहीच नव्हते आणि ध्वनी त्या रेषेवर कड्यावरून खाली पडावा तसा एकाएकी संपत होता. जुन्या टेपवरचे ध्वनिमुद्रणही उंच स्वरांत क्षीण होत जाते, पण हळूहळू. आणि टेपची खरखर तरी त्या भागात उरतेच. इतकी सरळ कापणी कमी दर्जाच्या एमपी3 फाइलमध्ये होते. म्हणजे नकलाही मूळ सीडीवरून केलेल्या नव्हत्या. कुठून तरी घेतलेल्या एमपी3 फाइली सीडीवर लिहिलेल्या होत्या.

आठव्या सीडीने मात्र अडवले. तिची खालची बाजू रुपेरी होती, छपाई थेट तबकडीवर होती, परंतु मधल्या कड्यावर ओळखखूण नव्हती. सीडी कोणत्या कारखान्यात तयार झाली हे कळावे म्हणून 1994 पासून ‘आयएफपीआय’ या अक्षरांनी सुरू होणारा सांकेतिक क्रमांक कड्याजवळ कोरण्याची पद्धत सुरू झाली आणि संचातील दोन्ही खऱ्या सीडींवर तो होता. तो नसणे संशयास्पद असले, तरी 1994 पूर्वीच्या सीडींवर तो असणार नाही, आणि नंतरही प्रत्येक कारखान्याने तो कोरला असे नाही. शिक्षिकेचे म्हणणे होते की सहाव्या नकलेचीही तक्रार करावी. मी तसे करू नये असे सुचवले आणि तक्रारीत तिची नोंद ‘संशयित, दावा नाही’ अशी केली. तक्रारदाराने स्वतःच्या विरोधात जाणारी शंका स्वतःच लिहून दिली की बाकीच्या पाचांवरचे त्याचे म्हणणे अधिक ठाम वाटते, असा माझा अनुभव आहे.

कायद्याचे दोन रस्ते

शिक्षिकेचा पहिला संताप साहजिकच चोरीबद्दल होता. ज्या कलावंतांना त्या गुरुस्थानी मानतात, त्यांच्या गाण्यावर कोणी परस्पर पैसे करतो आहे, हे त्यांना सहन होत नव्हते. प्रताधिकार कायदा, 1957 याबाबत मोघम नाही. नक्कल प्रत विकणे हा कलम 51 नुसार भंग आहे. जाणूनबुजून केलेल्या भंगाला कलम 63 खाली सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. कलम 52अ तर सामान्य ग्राहकालाही तपासता येईल इतके सोपे आहे. ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या डबीवर निर्मात्याचे नाव व पत्ता, प्रताधिकार ज्याच्याकडे आहे त्याचे नाव व पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष असलेच पाहिजे. नकलांच्या चकत्यांवर वर्ष होते, पत्ता कोणाचाच नव्हता.

तरीही आम्ही तक्रारीचा पाया प्रताधिकारावर घातला नाही. प्रताधिकार कंपनीचा आहे, ग्राहकाचा नाही, आणि त्याचा भंग झाल्याचे सिद्ध झाले तरी ग्राहकाचे पैसे त्यातून आपोआप परत येत नाहीत. दुसरे कारण मुदतीचे. ध्वनिमुद्रणावरील प्रताधिकार प्रकाशनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे टिकतो. संचातील एका सीडीवर जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवरून घेतलेले गाणे होते आणि त्यातील काही तबकड्यांची मुदत केव्हाच संपलेली असणार. विक्रेत्याने हा मुद्दा काढला असता तर वाद भलतीकडेच गेला असता.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हा रस्ता सरळ होता. खरा असल्याचा खोटा दावा करून विकलेला माल म्हणजे बनावट माल, अशी त्या कायद्यातली व्याख्या आहे. तिच्यात प्रताधिकाराचा उल्लेख नाही. गाणे शंभर वर्षांपूर्वीचे असो, कोणालाही उतरवून घ्यायला मोकळे असो. ‘मूळ’ म्हणून विकलेली प्रत मूळ नसेल तर दावा खोटा आहे, आणि तो खोटा असल्याचे दाखवायला विक्रेत्याचा संदेश आणि समोरची तबकडी पुरेशी आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 पुढे सांगतात की माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीतील वर्णनाशी न जुळणारा असेल तर संकेतस्थळावरच्या विक्रेत्याला तो परत घेण्यास किंवा पैसे परत देण्यास नकार देता येत नाही. वर्णनाच्या तळाशी ‘जसे आहे तसे, परतावा नाही’ अशी ओळ होती खरी, पण या नियमापुढे ती टिकण्यासारखी नव्हती.

आपल्या संगीतविश्वात ध्वनिमुद्रणे एकमेकांना देण्याची जुनी रीत आहे. मैफलींच्या कॅसेटी एका रसिकाकडून दुसऱ्याकडे गेल्या म्हणून कितीतरी गाणे आज ऐकायला मिळते, आणि खासगी वापर व अभ्यास यांना कायद्यानेही काही जागा ठेवली आहे. शिक्षिकेच्या स्वतःच्या कपाटात अशा कॅसेटी आहेत आणि प्रत्येकीवर ती कोणी दिली हे त्यांच्या हस्ताक्षरात लिहिलेले आहे. प्रेमाने दिलेली प्रत आणि मूळ म्हणून विकलेली प्रत यांत मला अजिबात संदिग्धता दिसत नाही. नकलेला नक्कल म्हणून कोणी दोनशे रुपये मागितले असते तर कंपनीशी त्याचा वाद उरला असता. या ग्राहकाची फसवणूक मात्र झाली नसती.

विक्रेत्याची उत्तरे

पहिली तक्रार संकेतस्थळाने एका ओळीत बंद केली: परताव्याची सात दिवसांची मुदत संपली आहे आणि ग्राहकाने समाधानाचा अभिप्राय दिलेला आहे. दुसरी तक्रार आम्ही तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे, नियमांचा उल्लेख करून लिहिली. या अधिकाऱ्याने 48 तासांत पोच देणे आणि महिन्याभरात निवारण करणे नियमांनी बंधनकारक आहे. त्याच पत्रात विक्रेत्याचा पत्ता व संपर्क मागितला, कारण खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागणी केल्यास ही माहिती संकेतस्थळाने द्यायची असते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावरही तक्रार नोंदवून तिचा क्रमांक पत्रात घातला. यानंतर विक्रेता बोलू लागला.

त्याचे पहिले म्हणणे असे की तो व्यापारी नाही, वडिलांचा संग्रह विकणारा हौशी माणूस आहे. हा बचाव वरवरचा नव्हता. एखादी व्यक्ती खासगीरीत्या, व्यवसाय म्हणून किंवा नियमितपणे नव्हे, असे काही विकत असेल तर ई-कॉमर्स नियम तिला लागू होत नाहीत. पण संकेतस्थळावर त्याच विक्रेत्याचे पूर्ण झालेले लिलाव पाहता येत होते. त्यात याच शीर्षकाची ‘दुर्मीळ’ सीडी आधीच्या काही महिन्यांत आणखी चार गिऱ्हाइकांना विकलेली होती, आणि चारही छायाचित्रांत किंमतचिठ्ठी त्याच कोपऱ्यात, तेवढीच तिरकी होती. एका माणसाच्या वडिलांच्या संग्रहात एकाच सीडीच्या पाच प्रती असू शकतील. पाचही प्रतींवर दुकानदाराने चिठ्ठी केसाइतकाही फरक न करता लावली असेल, हे शक्य नाही. या एका पुराव्याने विक्री नियमित असल्याचे दिसले आणि प्रती नकला असल्याचेही दिसले. ती पाने आम्ही त्याच रात्री पत्ता व तारीख दिसेल अशी जतन केली, आणि बरे झाले, कारण नंतर ती दिसेनाशी झाली. भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 मध्ये अशा इलेक्ट्रॉनिक नोंदींसोबत द्यायच्या प्रमाणपत्राची तरतूद आहे; गरज पडल्यास तेही देता यावे म्हणून कोणत्या फोनवर, कोणी आणि केव्हा जतन केले याची नोंद ठेवली.

मग त्याने गंभीर आरोप केला. खऱ्या सीडी ठेवून घेऊन ग्राहकाने नकला दाखवल्या, असे त्याने लिहिले. पार्सल उघडतानाचे चित्रण नव्हते आणि पाच ताऱ्यांचा अभिप्राय होता, त्यामुळे हा आरोप खोडून काढणे सोपे नव्हते. इथे चकतीतला तो फुगा उपयोगी पडला. लिलावाच्या छायाचित्रांपैकी एकात डबी उघडी होती आणि आतली सीडी दिसत होती. छायाचित्र पुरेसे मोठे करून पाहिल्यावर फुगाही दिसला आणि सरकलेले भोकही. विक्रेत्याने स्वतः काढलेले छायाचित्र आणि शिक्षिकेकडची सीडी शेजारी शेजारी ठेवून आम्ही पाठवली. या आरोपाचा पुढे कोणी उल्लेख केला नाही.

शेवटी तडजोड आली. दोन सीडी खऱ्या आहेत हे शिक्षिका मान्य करतात, तेव्हा निम्मे पैसे घ्यावेत आणि पोलिसांत जाऊ नये. शिक्षिकेने ती नाकारली आणि मला ते योग्यच वाटते. संच एकत्र विकला गेला होता, आणि ज्या दोन सीडींनी बोली वाढवली त्या दोन्ही नकला होत्या. खऱ्या निघालेल्या दोन आजही दोन-तीनशे रुपयांत मिळतात. शिवाय फौजदारी तक्रार न करण्याची अट घालून पैशांचा सौदा करणे शिक्षिकेला कोणत्याही रकमेसाठी मंजूर नव्हते. भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम 318 त्यांनी पत्रात फक्त नमूद केले. धमकी म्हणून वापरले नाही.

परत पाठवायच्या की नाही

संकेतस्थळाने अखेर 11,950 रुपये देण्याचे मान्य केले, मात्र आठही सीडी विक्रेत्याला परत कराव्यात या अटीवर. या टप्प्यावर बहुतेक ग्राहक सुटकेचा श्वास टाकून पार्सल बांधतात, आणि व्यवहार म्हणून त्यात गैर काही नाही. पण परत गेलेल्या नकला पुढच्या आठवड्यात पुन्हा लिलावात येणार हे शिक्षिकेला दिसत होते. पूर्वीच्या चार विक्रींपैकी एखादी प्रत अशीच परत आलेली नसेल कशावरून, असा त्यांचा प्रश्न होता. परताव्याची नेहमीची पद्धत खऱ्या वस्तूसाठी न्याय्य आहे. बनावट मालाच्या बाबतीत ती विक्रेत्याला त्याचे भांडवलच परत देते.

त्यांनी उत्तर लिहिले की दोन खऱ्या सीडी त्या स्वखर्चाने परत पाठवतील; संशयित सीडी विक्रेत्याने मूळ असल्याचे लेखी दिल्यास तीही पाठवतील; पाच नकला मात्र त्या सीलबंद ठेवतील आणि प्रताधिकार असलेल्या कंपनीने किंवा तपास अधिकाऱ्याने मागितल्यास त्यांच्याकडेच देतील. सोबत कंपनीला पाठवलेल्या पत्राची प्रत जोडली. संशयित सीडीबद्दल विक्रेत्याने काहीच लिहून दिले नाही, त्यामुळे तीही शिक्षिकेकडेच राहिली. दहा-बारा दिवसांनी पूर्ण रक्कम खात्यात जमा झाली. सोबतच्या ईमेलमध्ये ‘सर्व दावे मिटले’ अशा अर्थाचे वाक्य होते. शिक्षिकेने त्याला उत्तर देऊन रक्कम केवळ किंमत व टपालखर्चापोटी, अन्य हक्क राखून स्वीकारल्याचे कळवले. हे उत्तर पाठवले नसते तर पुढचा रस्ता अवघड झाला असता.

पोलीस ठाण्यात त्या अजून गेलेल्या नाहीत. प्रताधिकाराची तक्रार ज्याचा हक्क आहे त्याने केल्यास तपासाला बळ येते, म्हणून कंपनीच्या निर्णयासाठी थांबावे असे ठरले. कंपनीने छायाचित्रे आणि लिलावांचे क्रमांक मागवून घेतले आहेत. पुस्तिकेतील बंदिशींचे शब्द देता येतील का, या शिक्षिकेच्या विनंतीला तिथल्या एका अधिकाऱ्याने होकार दिला आणि दोन सीडींच्या पुस्तिकांची स्वच्छ छायाप्रत टपालाने पाठवली.

संकेतस्थळाशी मात्र एक मुद्दा उरला आहे. प्रताधिकार, व्यापारचिन्ह किंवा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली ज्यांचा माल पूर्वी हटवला गेला आणि तरीही जे तसाच माल पुन्हा पुन्हा विकायला ठेवतात, अशा विक्रेत्यांना ओळखता येईल अशी नोंद ठेवण्याचे बंधन 2020 च्या नियमांनी बाजारपेठ चालवणाऱ्या संकेतस्थळावर घातले आहे. त्यांना विक्री करण्यापासून रोखलेच पाहिजे असे नियम म्हणत नाहीत. नोंद मात्र ठेवलीच पाहिजे. या विक्रेत्याची अशी नोंद झाली आहे का आणि आधीच्या चार खरेदीदारांना काही कळवले आहे का, असे दोन प्रश्न शिक्षिकेने स्पीड पोस्टने विचारले आहेत. पत्र पोहोचल्याची पोच आली आहे, उत्तर आलेले नाही. वांद्र्याच्या उपनगर जिल्हा ग्राहक आयोगाकडे द्यायच्या तक्रारीचा मसुदा आम्ही करून ठेवला आहे. दाव्याचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्कही नाही. मसुद्यात किंमत परत मागितलेली नाही. मनस्तापाची माफक भरपाई आणि ही अनुचित व्यापारी प्रथा बंद करण्याचा आदेश, एवढ्याच मागण्या आहेत.